बिनवाटणाचं कालवण

"खोबरं नाही?" आईने फोनवर विचारलं.

"नाही."

"आणि पाणीही नाही?"

"थेंबभरसुद्धा नाही."

"मग ते कालवण कसलं गो, सुकं म्हण."

रत्नागिरीत तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते आणि इकडे ब्राझीलमध्ये, वितोरियात, भर दुपारचे बारा. आईच्या जेवणात त्या दिवशी बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण होतं, म्हणजे तिच्या बोलण्याला आधीच वजन होतं. मी मात्र चार माणसांना रात्रीच्या जेवणाला बोलावून बसले होते आणि जो पदार्थ कबूल केला होता त्यात ना खोबरं, ना पाणी, ना आमसूल, ना वाटण.

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही इथे आलो त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. वितोरिया ही एस्पिरितो सांतो राज्याची राजधानी, शहराचा बराचसा भाग एका बेटावर. काम्बुरीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फिरायला गेलं की क्षितिजावर लोहखनिज भरून न्यायला आलेल्या जहाजांची रांग दिसते. समुद्र आहे, खाडी आहे, कांदळवन आहे, मासळी आहे. कोकणातून आलेल्या माणसाला परकं वाटावं असं फार काही नाही. म्हणूनच पहिलं वर्ष मी निवांतपणे इथले मासे आणि डबाबंद नारळाचं दूध घेऊन आपलंच कालवण करत राहिले. लोकांनाही तेच खाऊ घातलं. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजींनी लिफ्टमध्ये गाठलं. इथे वयस्कर बाईला आदराने 'दोना' म्हणतात, मीही तेच म्हणते. त्या म्हणाल्या, "तुझ्या देशाचं जेवण आम्ही दोनदा खाल्लं. छान होतं. आता आमचं करून दाखव."

त्यांचं म्हणजे मोकेका. माशाचं कालवण, मातीच्या भांड्यात केलेलं. ब्राझीलमध्ये याच्या दोन जाती आहेत आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या मोकेकाला मोकेका म्हणायला तयार नसतात. वरच्या बाजूच्या बाइया राज्यात ती देंदे म्हणजे लाल ताडतेल, नारळाचं दूध आणि ढोबळी मिरची घालून करतात. एस्पिरितो सांतोत यातलं काहीही चालत नाही. इथल्या माणसांना कापिशाबा म्हणतात आणि त्यांची एक म्हण आहे: मोकेका कापिशाबाच, बाकी सगळी पेइशादा. पेइशादा म्हणजे नुसतं माशाचं कालवण. ही म्हण मला पहिल्यांदा ऐकवली ती दोनांनीच, आणि ऐकवताना त्या हसत नव्हत्या.

खरं सांगायचं तर बाइयाची पद्धत मला दहा मिनिटांत जमली असती. तेल बदललं की ती आपल्याच घरची. अडचण इथलीच होती.

सुरुवात भांड्यापासून झाली. दोनांचं म्हणणं, स्टीलच्या पातेल्यात करायची असेल तर मला बोलावू नकोस. मग एका मंगळवारी आम्ही दोघी विमानतळाजवळच्या गोयाबेइरासला गेलो. तिथे मोठ्या शेडखाली बायका काळी मातीची भांडी घडवतात. त्यांना पानेलेइरा म्हणतात. माती जवळच्याच मुलेंबा खोऱ्यातली. मी आपली चाक कुठे दिसतंय ते शोधत होते. चाक नाहीच. बाई मातीचा गोळा फळीवर ठेवते, मध्ये मूठ दाबते आणि हाताने भिंत वर ओढत जाते. आतून भोपळ्याच्या करवंटीच्या तुकड्याने गोलाई आणायची, वाळत आलं की नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घासून घासून चकाकी आणायची. ही पद्धत पोर्तुगीज यायच्या आधीची, इथल्या मूळ रहिवाशांची, आणि अजून आईकडून मुलीकडे जाते. ब्राझील सरकारच्या ज्ञान आणि कसबांच्या वारशाच्या राष्ट्रीय नोंदवहीत 2002 मध्ये पहिली नोंद झाली ती या बायकांच्या कलेची.

त्या दिवशी भट्टी लागली होती. भट्टी म्हणजे उघड्यावर रचलेली लाकडं आणि त्यावर उपडी भांडी. भांडं लालबुंद झालं की लांब काठीने बाहेर ओढतात आणि धगधगत असतानाच झाडणीने त्यावर काढा मारतात. काढा कांदळाच्या सालीचा. चर्र आवाज, वाफेचा लोट, आणि लाल भांडं डोळ्यांदेखत काळं पडत जातं. सालीतल्या टॅनिनने भांड्याची छिद्रं बुजतात, रस्सा झिरपत नाही. मी तिथे अर्धा तास तरी उभी असेन. आमच्या घरामागे खाडी होती, कांदळ होता, घरात मातीची तवलीही होती, पण या तिघांचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो हे मला कधी सुचलं नव्हतं.

सहा जणांना पुरेल असं झाकणाचं भांडं घेतलं आणि त्याहून लहान असं आणखी एक. घरी आल्यावर ते 'माणसाळवायचं' होतं. आपण नव्या तवलीत पेज उकळतो, इथे आतून तेल चोळून रिकामंच आचेवर ठेवतात, तेल पिऊन टाकेपर्यंत. मी तेल जरा सढळ हाताने चोळलं. स्वयंपाकघरात धूर असा कोंडला की शेजारच्यांनी दार वाजवलं. पुढचा नियम म्हणजे भांडं आपोआप निवू द्यायचं. गरम भांडं थंड ओट्यावर टेकवलं की तडा गेलाच. मी लाकडी फळी आणून ठेवली आणि फळीलाच दोन दिवस घाबरून राहिले.

बुधवारी रंगीत तालीम घेतली. ती फसली, आणि चांगली फसली.

पहिली चूक रंगात. या कालवणाला लाली येते उरुकुमच्या बियांनी. आपल्याकडे याच झाडाला शेंदरी म्हणतात. बिया तेलात मंद आचेवर ठेवायच्या, तेलाला केशरी रंग सुटला की लगेच गाळायचं. मी फोडणीच्या सवयीने तेल आधी कडकडीत तापवलं आणि बिया टाकल्या. मोहरी असती तर तडतडून दाद दिली असती, या गप्प बसून काळ्या पडल्या. तेल तपकिरी आणि कडू.

दुसरी चूक पाण्याची. भांड्यात कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, वर मासा, झाकण. पाच मिनिटं झाली आणि मला राहवेना. खाली लागेल, करपेल, नवं भांडं फुटेल. अर्धी वाटी पाणी ओतलं. दहा मिनिटांनी झाकण काढलं तर मासे टोमॅटोच्या पाणचट सारात पोहत होते, आणि मी डाव घालून ढवळल्यावर त्यांचा चुरा झाला. नवऱ्याने निमूटपणे खाल्लं आणि विचारलं, "यात थोडं खोबरं घालता येईल का?"

शनिवारी सकाळी प्राया दो सुआच्या मासळी दुकानांत गेलो. बादेजो घ्यायचा होता. हा आपल्या गोबऱ्याच्या जातकुळीतला, घट्ट पांढऱ्या मांसाचा मासा. मोकेकाला असाच लागतो, शिजताना मोडून न पडणारा. मिरकरवाड्याच्या जेटीवर वाढलेली असल्याने मी कल्ले उचलून बघितले, डोळे बघितले, पोट दाबलं. कोळी हसला. त्याने विचारलं फक्त "मोकेकासाठी?" आणि मी हो म्हणताच दोन बोटं जाड तुकड्या केल्या. डोकं आणि काटा न मागता वेगळा बांधून दिला. ते कशासाठी, ते पुढे येईलच.

बाकी बाजारहाट किरकोळ: टोमॅटो, कांदे, लसूण, हिरवी लिंबं, पातीचा कांदा आणि कोथिंबिरीच्या दोन भल्या मोठ्या जुड्या. कोथिंबीर बघून मला धीर आला. ब्राझीलच्या दक्षिणेकडे तिच्या जागी बरेचदा पार्स्ली वापरतात, इथे मात्र आपल्यासारखीच मुबलक.

दोना सहा वाजता येणार होत्या, 'नुसतं बघायला'. त्या यायच्या आधी मासा लावून ठेवावा म्हणून मी तुकड्या धुतल्या, ताटात पसरल्या, मीठ लावलं, लिंबू पिळलं आणि फोनवर आईशी बोलत बोलत वर आणखी काहीतरी चोळलं. दोनांनी आल्या आल्या ताटावरचं झाकण उचललं.

"हे पिवळं काय आहे?"

हळद! माझा हात मीठ घेऊन थांबलाच नव्हता. आयुष्यात मी कधी मासा नुसत्या मिठात मुरवला नाही. मीठ आणि हळद हे माझ्या हाताला दोन वेगळे पदार्थ म्हणून ठाऊकच नाहीत. दोना रागावल्या नाहीत. "काल्मा, मेनिना," म्हणाल्या, म्हणजे शांत हो पोरी, आणि आम्ही दोघींनी नळाखाली एकेक तुकडी धुतली. पुन्हा मीठ, पुन्हा लिंबू. पिवळेपणा पुरता गेला नाही, पण वर शेंदरी तेल पडणार होतं.

मग त्यांनी सांगितलं तसं केलं. भांड्यात ऑलिव्ह तेल, शेंदरीचं तेल आणि ठेचलेली लसूण. त्यावर चिरलेला कांदा, टोमॅटो आणि कोथिंबीर यांचा निम्मा थर. त्यावर तुकड्या एकीला लागून एक, एकमेकींवर चढू न देता. वर उरलेला कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आणि पात. पुन्हा दोन्ही तेलांची धार. झाकण. आच आधी मोठी, उकळी आली की मध्यम.

"आता?" मी विचारलं.

"आता काही नाही."

हे 'काही नाही' फार कठीण होतं. माझ्या स्वयंपाकात माझे हात सतत कालवणात असतात. वाटण परतायचं, पाणी बघायचं, आमसुलं टाकायची, मीठ चाखायचं. इथे झाकणाखालून आधी चरचर ऐकू येत होती, मग ती मंदावली आणि बुडबुड सुरू झाली. दोनांनी भांड्याकडे बोट दाखवलं, "ऐकलंस? पाणी सुटलं." टोमॅटोचं, कांद्याचं, माशाचं. बुधवारी मी अर्धी वाटी ओतलं तेव्हाही ते सुटणारच होतं, फक्त मी पाच मिनिटं थांबायला हवं होतं. आणि डाव घालायचाच नाही. खाली लागू नये म्हणून भांड्याचे दोन्ही कान फडक्याने धरून ते हलकेच गोल फिरवायचं. हे मात्र मला ओळखीचं निघालं. आमची आजी तवली अशीच फिरवायची, मी कुठेतरी मध्येच डाव धरायला शिकले असणार.

वीस-पंचवीस मिनिटांत ते तयार होतं. तोवर धाकट्या भांड्यात याच पद्धतीने केळ्यांची मोकेका लावली होती. त्याला इथली 'बनाना-दा-तेर्रा' लागतात, आपल्या राजेळीसारखी जाड आणि शिजवून खायची. पिकत आलेली घेतली की आंबट-खारट रश्शात त्यांचा गोडवा उतरतो. माशाच्या जेवणात हा पदार्थ जोडीला असतो, पण आईला सांगितलं तर ती श्रावणात करून बघेल असं मला आजही वाटतं. भात इथल्या पद्धतीचा: तेलावर लसूण, त्यावर धुऊन निथळलेले तांदूळ परतायचे, वर आधणाचं पाणी. मोकळा होतो. त्यात शिकण्यासारखं फारसं नव्हतं.

शिकण्यासारखं होतं ते पिरांवमध्ये. माशाचं डोकं आणि काटा कांदा, टोमॅटो, कोथिंबीर घालून उकळायचा, गाळायचा. डोक्यातलं मांस वेचून परत त्यात टाकायचं. मग या रश्शात फारिन्या भुरभुरवायची आणि ढवळत राहायचं. फारिन्या म्हणजे मांदियोका या कंदाचं भरड पीठ. हा कंद मूळचा इथलाच. त्याच्या कडू जातीत विष असतं, म्हणून किसून, पिळून, रस काढून टाकून, भट्टीवर भाजूनच त्याचं पीठ करतात. ही रीतही इथल्या आदिवासींचीच. आपण ज्या साबुदाण्यावर एकादशी काढतो तो तमिळनाडूत याच कंदापासून होतो. मी दोनांना सांगितलं की आमच्याकडे देवासाठी धान्य सोडतात त्या दिवशी हे खातात. त्यांनी फारिन्याच्या पिशवीकडे नव्याने पाहिलं आणि म्हणाल्या, "याला उपवास म्हणता?"

पिरांव मात्र मला पहिल्या झटक्यात जमला. भुरभुरवणारा हात सावकाश आणि ढवळणारा हात जोरात, नाहीतर गाठी. जिने लहानपणापासून पिठलं आणि तांदळाची उकड ढवळली तिला यात काय नवं? घट्टपणा तेवढा विचारावा लागला. ताटात वाढल्यावर हलकेच पसरला पाहिजे, वाहता कामा नये. दोनांनी चमच्याच्या टोकाने चाखला, मान डोलावली, आणखी थोडा चाखला. संध्याकाळभरात त्यांनी केलेली ही पहिली स्तुती.

पाहुणे आठला बोलावले होते, नऊला आले. दोनांची मुलगी-जावई आणि नवऱ्याच्या ऑफिसातला एकजण. हा शेवटचा बाइयाचा, हे मी दोनांना सांगायला विसरले होते. आधी काशासा म्हणजे उसाची दारू, लिंबू, साखर आणि बर्फाची कायपिरिन्या झाली. मग मी भांडं फळीसकट टेबलावर आणलं. आच बंद करून पाच मिनिटं झाली होती, तरी ते टेबलावर रटरटत होतं. मातीचं भांडं ऊन धरून ठेवतं. झाकण काढलं तेव्हा कोथिंबीर, लिंबू आणि माशाचा वास एकदम वर आला. मला त्या वासात घर दिसलं आणि घर नव्हतंही. खोबऱ्याची जाड साय ज्यावर पसरायला हवी तिथे लाल पातळ तेल तरंगत होतं, आणि त्याखाली मासा. पहिला घास घेतला तेव्हा लक्षात आलं की मी बादेजोची चव याआधी कधी घेतलीच नव्हती. दीड वर्ष तो खात होते, पण माझ्या वाटणाखाली.

तरीही भातावर कालवून खाताना काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं, हेही खोटं कशाला सांगू. नवऱ्याने मालागेता मिरचीच्या तेलाची बाटली जवळ ओढली आणि पाहुण्यांना काळजी वाटेल इतकं ओतून घेतलं. त्याचं भागलं.

बाइयाच्या माणसाने दोन तुकड्या संपवल्या आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, "नारळाचं दूध घरात नाही का?"

दोनांनी काटा खाली ठेवला. पुढची पंधरा मिनिटं त्या दोघांत जे झालं त्यातलं निम्मंच मला कळलं. मध्ये पडायचं म्हणून मी सांगितलं की मुळात नारळ हा ब्राझीलचा नाहीच, हिंदी महासागराच्या काठावरचा, पोर्तुगिजांनी 16व्या शतकात केप व्हर्देमार्गे बाइयात आणला. त्याच पोर्तुगिजांनी इथला काजू गोव्यात नेला आणि नावही सोबत नेलं. इथे म्हणतात 'काजू', आम्हीही म्हणतो काजू. दोना विजयी चेहऱ्याने म्हणाल्या, "बघ, नारळ परका." तो म्हणाला, "म्हणजे आम्हाला सवय लावली ती हिच्या लोकांनी!" आणि सगळे माझ्याकडे बघून हसले. मग दोनांनी हळदीचीही गोष्ट सांगून टाकली. तोवर कुणाला संशयसुद्धा आला नव्हता.

नारळ मी गोडासाठी राखून ठेवला होता. कोकादा केला होता. किसलेला ओला नारळ, साखर, थोडं दूध, घोटून घोटून गोळा, थापून चौकोनी तुकडे. कृती वाचायला घेतली तेव्हा दुसऱ्या ओळीला लक्षात आलं की या आपल्या नारळाच्या वड्या आहेत, वेलची न घातलेल्या. या एका पदार्थात माझा हात सुटला. वेलची घातली, कुणाला विचारलं नाही. ताट रिकामं झालं.

निरोप घेताना अकरा वाजून गेले होते. भांडं साबणाने घासायचं नाही, साबण मातीत मुरतो, नुसतं गरम पाणी आणि चोथा, मग उपडं न घालता उघडं वाळवायचं, अशा सूचना देत दोना लिफ्टपर्यंत गेल्या. मोकेकाबद्दल त्या अजून एक शब्दही बोलल्या नव्हत्या आणि विचारायची माझी हिंमत नव्हती. लिफ्टचं दार लागता लागता त्यांनी हात मध्ये घालून ते अडवलं.

"पुढच्या वेळी," त्या म्हणाल्या, "टोमॅटो एक कमी."